बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या दारात एखादी जुनी गाडी उभी आहे. वडिलांची असेल, नाहीतर पहिल्या पगारातून घेतलेली सेकंडहँड असेल. सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता कण्हतो. मग धक्का मारायला शेजारी गोळा करायचे. आणि धक्का मारता मारता प्रत्येक जण एकच सांगणार, "बॅटरी गेली रे, नवीन टाक."

टाकतो आपण. चार-पाच हजार जातात. सहा महिन्यांनी पुन्हा तोच कण्हणारा सेल्फ. का?

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी रिकामी दिसली तर कारणं चार. टाकीच फुटलीय, पंप पाणी चढवत नाही, पंप ठीक आहे पण पाइप चोंदलाय, किंवा रात्रभर कुठला तरी नळ गळतोय. गाडीत टाकी म्हणजे बॅटरी, पंप म्हणजे अल्टरनेटर, आपले मेकॅनिक ज्याला सरसकट डायनॅमो म्हणतात तो. पाइप म्हणजे तारा आणि अर्थिंग. नवी टाकी बसवून चोंदलेला पाइप मोकळा होतो का? नाही ना!

म्हणून आधी मोजायचं. काही शे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा, लाल काडी बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. तीन आकडे कागदावर लिहायचे.

पहिला आकडा सकाळचा. गाडी रात्रभर उभी, काहीच चालू केलेलं नाही. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. कुणालातरी चावी फिरवायला सांगा, तुम्ही मीटर बघा. आकडा १०च्या वर टिकायला हवा. बॅटरी भरलेली असूनही तो धाडकन ८वर आला, तर बॅटरीवर किंवा सेल्फ मोटरवर संशय घ्यायला जागा आहे.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. थोडा रेस द्या, हेडलाइट लावा. साधारण १३.८ ते १४.५ हवा. १२.५वरच अडकला तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचत नाहीये. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरीचं पाणी आटवतो आणि बल्ब उडवतो.

आता एक खरी केस. माझ्या मित्राची जुनी मारुती ८००, गाडी रत्नागिरीत. आठ महिन्यांत दुसरी बॅटरी झाली होती, आणि गॅरेजवाल्यानं आता डायनॅमो बदलायला सांगितलेला. त्या पगारात ते बसत नव्हतं आणि गाडीशिवाय पहाटेच्या पाळीला पोचता येत नव्हतं. आम्ही आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घेतली. मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून मोजलं, तर बॅटरीवर फक्त १३. तीच मोजणी थेट अल्टरनेटरवर केली, एक काडी त्याच्या जाड तारेच्या बोल्टला आणि दुसरी त्याच्या बॉडीला. तिथे १४.३! म्हणजे पंप ठणठणीत. मधले १.३ व्होल्ट गेले कुठे?

इथे खरी गंमत आहे. एक काडी अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली. तार चांगली असेल तर इथे जवळपास शून्य दिसायला हवं. दिसले १.२. इंजिन आणि गाडीची बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेनं पार गंजली होती. नवी पट्टी टाकली, बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, वर ग्रीस लावलं. बॅटरीवर १४.२ आले. डायनॅमोला हात लावावा लागला नाही.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, तरी रात्रीत बॅटरी उतरते? मग नळ गळतोय. चावी काढा, दारं बंद करा, बॅटरीची मायनस तार सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून तार आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालतं. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडला, गळती त्या लाइनवर. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम आणि डिकीतला बल्ब हे नेहमीचे संशयित. या वेळी सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

साध्या गोष्टी विसरू नका. बेल्ट ढिला आहे का? टर्मिनलवर पांढरट-हिरवं फूल आलंय का? चावी दिल्यावर डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा लागतो का? बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, त्यामुळे दहा-वीस रुपयांचा बल्ब गेला तरी चार्जिंग बंद पडू शकतं.

आणि एक काम कधीच करायचं नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची, गाडी बंद पडली तर डायनॅमो खराब, ही जुनी परीक्षा अजून कुणीतरी करून दाखवतं. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला अल्टरनेटर, स्टिरिओ, इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर, काहीही जाऊ शकतं. काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा. ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ सिगारेट नको.

पावसात, रात्री, घाटात वायपर आणि हेडलाइट एकदम मंदावले, तर तिथे मोजत बसायला वेळ नसतो. म्हणून या रविवारी दहा मिनिटं काढा, तीन आकडे घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गॅरेजमध्ये गेलात की आधी ते आकडे सांगा. मग बोलणं वेगळंच होतं.

तुमचे आकडे मला पाठवा. भेटू पुढच्या भागात!