मोजलेलं पुन्हा मोजा



वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. 1823 च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे तळ हलवताना वाटेत त्याला मृत्यू आला. भारताची त्रिकोणमितीय मोजणी त्यानं सुरू केली होती. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांच्या एका सरळ रेषेच्या मोजणीला त्यानं हात घातला. साखळी शंभर फुटी, पोलादी. उन्हानं पोलाद वाढतं, म्हणून ती लाकडी पेट्यांमध्ये ठेवून, तापमान बघत, पुढं सरकवली जाई.

ही झाली पायारेषा. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवर थिओडोलाइट रोखायचा आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि कोन हाती असले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. तिथं साखळी ओढावी लागत नाही. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्याच्या पुढचा. आधी मोठी चौकट पक्की करायची, मग आतला तपशील भरायचा. लहान तुकडे जोडत गेलं तर प्रत्येक तुकड्यातली चूक पुढच्यात शिरते आणि वाढत जाते.

लॅम्बटनचं खरं मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. त्रिकोण बंगळूरपर्यंत पोहोचल्यावर त्यानं तिथं आणखी एक रेषा साखळीनं प्रत्यक्ष मोजली आणि गणितानं आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला काही इंचांचा. आपलं काम स्वतःच तपासायचं, ही सवय म्हणजे सर्वेक्षणाचा प्राण आहे.

ही सवय उंची मोजतानाही हवी. कालव्याचं घ्या. पाच हजाराला एक असा उतार धरला, तर एक किलोमीटरमध्ये तळ फक्त 20 सेंटिमीटर खाली जातो. लेव्हल लावताना 10 सेंटिमीटर चुकले, की त्या किलोमीटरचा निम्मा उतार गेला. पाणी संथ होतं, गाळ धरतं आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून लेव्हल घेणारा माहीत असलेल्या उंचीच्या खुणेपासून, म्हणजे बेंचमार्कपासून निघतो, स्टाफ, म्हणजे मापाची उभी काठी, वाचत वाचत पुढं जातो आणि पुन्हा त्याच खुणेवर किंवा दुसऱ्या पक्क्या खुणेवर येऊन फेरा पूर्ण करतो. त्या शेवटच्या खुणेची माहीत असलेली उंची आणि मोजून आलेली उंची यांत जो फरक राहील ती चूक. ती ठरल्या मर्यादेत असेल तर मधल्या टप्प्यांवर वाटून द्यायची, जास्त असेल तर फेरा पुन्हा घ्यायचा. काम घाईचं असलं की हा परतीचा फेरा सर्वांत आधी गाळला जातो. तो गाळून केलेल्या मोजणीवर एक वीटही रचू नये, असं माझं ठाम मत आहे.

हल्ली कोन आणि अंतर एकत्र मोजणारं टोटल स्टेशन, उपग्रह, ड्रोन, संगणकातले नकाशे अशी सगळी साधनं एकत्र वापरतात. या साऱ्याला मिळून जिओमॅटिक्स म्हणतात. वेग अफाट वाढला, पण तपासणी काही सुटली नाही. उपग्रहाला समुद्र ठाऊक नसतो. तो उंची मोजतो ती ध्रुवांशी किंचित चपट्या अशा एका गणिती गोळ्यापासून. जुहूच्या वाळूवर उभं राहून उपग्रहाची नुसती उंची घेतली, तर ती उणे 60 मीटरच्या आसपास येते! पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं. त्यामुळे या गोळ्याचा समुद्रसपाटीशी असलेला फरक त्या त्या ठिकाणी काढून वजा करावा लागतो, आणि तो गावोगाव बदलतो. मोबाइलवर दिसलेल्या उंचीवरून गटाराचा उतार कुणी ठरवू नये.

ड्रोनचंही तसंच. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनमोजणी प्रयोग म्हणून झाली. पुढं 2020 मध्ये गावठाणांच्या अशाच मोजणीसाठी स्वामित्व योजना आली. या मोजणीत ड्रोन उडण्याआधी घरमालकांसमक्ष हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, कारण कुणाची भिंत कुठं संपते हे आकाशातून कळत नाही. शिवाय जमिनीवर काही बिंदू अचूक मोजलेले असावे लागतात. त्यांतले थोडे गणितात न वापरता बाजूला ठेवायचे आणि तयार नकाशा त्यांच्याशी जुळतो का ते पाहायचं. बंगळूरच्या रेषेचंच हे आजचं रूप.

शेवटी पुन्हा समुद्रसपाटी आणि बेंचमार्ककडे येऊ. मुंबईसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून आपल्या देशाची समुद्रसपाटी ठरली आणि 1909 पर्यंत तिच्यावरून देशभर उंचीच्या खुणा बसवल्या गेल्या. त्या खुणांच्या दगडांवर जी.टी.एस. (त्रिकोणमितीय मोजणीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं), बी.एम. (बेंचमार्क) अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. रस्त्यांच्या कामात असे कितीतरी दगड गाडले गेले. तुमच्या गावात, पुलाजवळ किंवा जुन्या इमारतीच्या आवारात असा दगड दिसला तर त्याला धक्का लावू नका, आणि तिथं काम निघालं तर खोदाईआधी अभियंत्याला तो दाखवा.