एलिहू येल : नऊ गाठींचे दान आणि दात्याचे नाव



अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नाव जगभर आदराने घेतले जाते. मात्र हे नाव मद्रासच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या एका सौदागराचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एलिहू येल याचा जन्म १६४९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. बालपणीच तो आईवडिलांसमवेत इंग्लंडला गेला. १६७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून तो मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात दाखल झाला आणि १६८७ मध्ये तेथील गव्हर्नर झाला. कोरोमंडल किनाऱ्यावरील विणकरांच्या कापडाला त्या काळी युरोपात मोठी मागणी होती. कंपनीच्या चाकरीबरोबरच येलने हिऱ्यांचा खासगी व्यापार करून अमाप संपत्ती मिळविली. पदाचा वापर स्वतःच्या लाभासाठी केल्याच्या आरोपांवरून १६९२ मध्ये त्याला गव्हर्नरपद गमवावे लागले. १६९९ मध्ये तो इंग्लंडला परतला.

इकडे अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीत १७०१ मध्ये एक महाविद्यालय स्थापन झाले होते. त्याला इमारतीसाठी निधी हवा होता. कॉटन मॅथर या धर्मोपदेशकाने येलला पत्र लिहून, देणगी दिल्यास संस्थेला आपले नाव मिळेल, असे सुचविले. १७१८ मध्ये येलने ४१७ ग्रंथ, राजा पहिला जॉर्ज याचे चित्र आणि नऊ गाठी माल पाठविला. मालाच्या विक्रीतून सुमारे ५६२ पौंड उभे राहिले. ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती आले आणि कापडाच्या पैशाने इमारतीला हातभार लागला. १७२१ मध्ये येल निवर्तला. त्याचे नाव मात्र तीन शतके टिकले.

परंतु खतावणीला जमेची बाजू असते, तशी नावेची बाजूही असते. मद्रासहून माणसेही गुलाम म्हणून जहाजांवर चढविली जात, आणि त्या कारभारात गव्हर्नर या नात्याने येलचा सहभाग होता. गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल येल विद्यापीठाने २०२४ मध्ये जाहीर क्षमायाचना केली. विद्यापीठाने नाव कायम ठेवले, आणि हिशेबही उघड केला.

दानाने विद्या वाढते, हे निर्विवाद आहे. तथापि, दानाने अर्जनातील दोष धुतला जात नाही. दात्याच्या नावाची पाटी लावणे सोपे असते; ते धन कोणाच्या घामातून आले, हे पुढच्या पिढीला निःसंकोचपणे सांगणे अवघड असते. जी संस्था दोन्ही गोष्टी करते, तिच्यावरील समाजाचा विश्वास अधिक दृढ होतो.