काळाचे जडत्व

स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते आणि गतिमान वस्तू बाह्य बलाचा प्रयोग होईपर्यंत त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते, हा पदार्थाचा जडत्वगुण न्यूटनने १६८७ साली नियम म्हणून ग्रथित केला. पुढे विसाव्या शतकातील काही विज्ञानकथाकारांनी तोच गुण पदार्थाच्या खात्यातून काढून काळाच्या खाती वर्ग केला, आणि भूतकाळात कोणी फेरफार करू लागला तर काळ त्याला विरोध करतो, असा एक कल्पित नियम रूढ झाला.

फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाच्या १९५८ सालच्या एका कथेत या नियमाचा अंमल पुरता दिसतो. पत्नीच्या गोळीने मेलेला एक गृहस्थ काळात मागे जाऊन आपला मृत्यू टाळण्याची तजवीज करतो. परंतु त्याचे उपाय एकामागून एक निष्फळ होतात, आणि अखेरीस, गोळीचा बंदोबस्त झाला असे वाटत असतानाच, आकाशातून आलेला गोळीएवढा अशनी त्याच्या कपाळाचा नेमका वेध घेतो. याच्या अगदी उलट, जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या रणात विश्वासरावांवर आलेली गोळी निसटती जाते, आणि तेवढ्यावरून साऱ्या हिंदुस्थानचा इतिहास निराळ्या वाटेला लागतो. तेथे काळ तसूभरही अडून बसत नाही.

आता पदार्थविज्ञानाचा कौल पाहू. जडत्व बदलाला मज्जाव करीत नाही. निव्वळ बल कितीही अल्प असले, तरी त्याच्या प्रमाणात त्वरण हे उत्पन्न होतेच. म्हणून जो काळ कोणत्याही प्रयत्नाला दाद देत नाही, त्याच्या ठायी जडत्व आहे असे म्हणणे सयुक्तिक नव्हे. त्याला प्रारब्ध म्हणावे. १९४९ साली गणितज्ञ गोडेलने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून स्वतःच्या भूतकाळाकडे वळणारे मार्ग गणिताने दाखविले खरे, आणि त्यांवरून उद्‌भवणाऱ्या विरोधाभासांना उत्तर म्हणून रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव यांनी सुसंगतीचे तत्त्व पुढे केले. पण त्या तत्त्वातही काळ कोणाचा हात धरीत नाही. घटनांची मालिका एकच, आणि मागे गेलेल्या प्रवाशाची कृती तिच्यात आरंभापासूनच समाविष्ट, एवढेच त्याचे म्हणणे.

तेव्हा लायबरच्या कथेतील तो अशनी कोणत्याही समीकरणाने धाडलेला नाही, कथाकाराने धाडला आहे. आणि एवढे ध्यानात ठेवून ती कथा वाचली, तर तिच्या आनंदात काडीचेही उणे पडत नाही.