म्हातारपणाचे सुख कोणाच्या हाती?



वार्धक्यातील सुखाचा विषय निघाला की उपदेशांना तोटा नसतो. वेळेवर जेवावे, रोज फिरावे, मन प्रसन्न ठेवावे, स्वतःची काळजी घ्यावी. हा उपदेश खोटा नाही. परंतु तो निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के खेड्यांत राहत होती. शेतकरी आणि शेतमजूर यांना निवृत्तीचे वय नसते. हातपाय चालतात तोवर काम, आणि ते थांबले की परावलंबन, असाच त्यांच्या आयुष्याचा क्रम असतो.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील सत्तरी ओलांडलेली मजूर स्त्री पाहावी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या तरुणींची ही पिढी. तलावाचे पाणी जमीनवाल्यांच्या विहिरींना लाभले. तिच्या वाट्याला गुडघेदुखी आली. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी शिबिरात विनामूल्य होणारी शस्त्रक्रिया ती टाळते; कारण सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. ‘आता काय बघायचे राहिले?’ असे ती म्हणते, तेव्हा ते वैराग्य नसते. घराला आपला भार होऊ नये, म्हणून मनाशी मांडलेला तो हिशेब असतो.

वृद्धत्वात सार्वजनिक साहाय्य मिळावे, हे तत्त्व राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात नमूद आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ साली सुरू झाले, ते दरमहा ७५ रुपयांनी. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा पुढे २०० रुपयांवर गेला आणि तेथेच खिळून राहिला. महाराष्ट्रात २०२३ साली एकूण रक्कम १,५०० रुपये झाली. म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यासाठीही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कष्टांनी बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र तो अंगठा नाकारते. जन्मभराच्या श्रमाची खूणच अशी तिच्या विरुद्ध साक्ष देते!

तरीही या तुटपुंज्या रकमेचे मोल केवळ धान्याच्या भावात मोजता येत नाही. औषधाची गोळी न मागता आणता येते, नातवाच्या हातावर खाऊ ठेवता येतो. स्वतःच्या पैशाने माणसाची मान ताठ राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या एस.टी. गाड्यांतून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. लेकीच्या गावी किंवा पंढरपूरला जाण्यासाठी कोणापुढे हात पसरण्याची गरज उरली नाही. हे सुख उपदेशाने आलेले नाही. ते एका सामाजिक निर्णयाने आले.

म्हणून गावाने आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. हयातीची नोंद वृद्धांच्या दारात येऊन व्हावी. शस्त्रक्रियेला नेण्या-आणण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने उचलावी. पारावर पुरुष बसतात. म्हाताऱ्या स्त्रियांना, मग त्या कोणत्याही वस्तीतील असोत, एकत्र बसण्यासाठी हक्काची जागा असावी. हे ठराव ग्रामसभेत मांडण्यासाठी तरुणांनी पुढे यावे. ज्यांनी गाव उभे केले, त्यांना ‘स्वतःची काळजी घ्या’ असे सांगण्याचा अधिकार गावाला त्यानंतरच पोहोचेल.