नवजाताची जनुकीय तपासणी : विज्ञान आणि विवेक

(वेळापूर येथे आरोग्य कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मतः धडधाकट दिसणारे एखादे बालक दोन-चार दिवसांतच दूध ओढेनासे होते, मलूल पडते, त्यास झटके येऊ लागतात. जंतुसंसर्ग आढळत नाही, जन्मसमयी गुदमरल्याची खूणही नसते. अशा वेळी व्याधीचे मूळ जनुकांत असू शकते. ते शोधावयास पूर्वी महिने, प्रसंगी वर्षे लागत. २०१२ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अत्यवस्थ नवजातांच्या संपूर्ण जनुकसंचाची तपासणी सुमारे पन्नास तासांत करता येते, हे दाखविण्यात आले. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पथकाने जनुकसंचाचे वाचन ५ तास २ मिनिटांत केले.

या वेगाचे मोल मोठे आहे. गॅलॅक्टोसेमिया या विकारात आईचे दूधच बालकास अपायकारक ठरते. निदान होताच ते थांबवून पर्यायी आहार दिला, तर जीव वाचू शकतो. परंतु विज्ञानाचा वेग वाढला म्हणून माणसाच्या विचाराचा वेग वाढतोच असे नाही. बाळ काचेच्या पेटीत, माता प्रसूतीने थकलेली, पिता पैशाच्या विवंचनेत. अशा स्थितीत पुढे आलेल्या कागदावर उमटलेला अंगठा वा सही म्हणजे संमती नव्हे. तपासणीने काय कळेल, काय कळणार नाही आणि कळले तरी उपाय आहे की नाही, हे त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगणे हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य होय.

दोष कोणाचा?

दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी जुनी आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात तिची नोंद केली आहे. रक्ताच्या नात्यात माता व पिता या दोघांकडेही एकाच सदोष जनुकाची प्रत असण्याचा संभव वाढतो. दोघेही निरोगी असतात. परंतु दोन्ही सदोष प्रती बालकाकडे आल्या, की व्याधी प्रकट होते. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारांत एक असते. म्हणजे अशा व्याधीत उभयतांचा वाटा सारखाच. दोष मात्र कोणाचाच नाही. तरीही बोल लागतो तो सुनेला. अहवालाचा कागद तिला माहेरी धाडण्याचे निमित्त ठरला, तर ती तपासणी उपकारक कशी म्हणावी? अर्धनारीनटेश्वराच्या या गावी अपत्य दोघांचे असते हे निराळे सांगावयास नको. परंतु ते घरोघरी पटवून द्यावे लागेल.

न विचारलेली उत्तरे

जनुकसंच वाचताना न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे मिळतात. चाळिशीनंतर उद्भवू शकणाऱ्या आणि आज उपाय नसलेल्या व्याधीची सूचना नवजाताच्या माथी मारावी काय? ते मूल मोठे होऊन स्वतः ठरवील, हा त्याचा हक्क राखणे उचित होय. शिवाय काही बदलांचा अर्थ अद्याप निश्चित झालेला नाही. जगातील जनुकीय माहितीसाठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा अधिक आहे. भारतातील दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ही त्या दृष्टीने स्वागतार्ह घटना होय. तोवर संदिग्ध अहवालावरून उपचार थांबविण्याचा निर्णय घेणे धोक्याचे ठरेल.

निदानानंतर काय?

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणान्वये ठरावीक केंद्रांत पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची सोय झाली आहे. परंतु काही व्याधींवरील औषधाची किंमत कोटींच्या घरात जाते. निदान करून कुटुंबास वाऱ्यावर सोडणे योग्य नव्हे. उपाय नसेल तेथेही शुश्रूषा, समुपदेशन आणि पुढील अपत्याविषयी सल्ला देता येतो.

अग्रक्रमाचाही विचार हवा. जन्मजात थायरॉइड-न्यूनता भारतात सुमारे अकराशे बालकांमागे एकास आढळते. टाचेच्या रक्ताच्या काही थेंबांनी ती ओळखता येते आणि पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्त गोळी सुरू केल्यास बुद्धिमांद्य टळू शकते. ही साधी चाचणी प्रत्येक पाळण्यापर्यंत पोहोचण्याआधी महागडी तपासणी मोजक्या शहरी बालकांनाच लाभणे न्यायाचे नाही. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात दोष शोधण्याची वाट घालून दिली आहे; तिला या चाचणीची जोड मिळावयास हवी.

गर्भजल परीक्षेचा अनुभव महाराष्ट्र विसरलेला नाही. व्याधी शोधण्यासाठी आलेले तंत्र मुलींचा गर्भ खुडण्यासाठी वापरले गेले आणि १९८८ साली या राज्याला देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या वेळी तंत्र आधी आले आणि विवेक मागाहून. या खेपेस तो क्रम उलटावयाचा आहे. त्याचा आरंभ गावात, आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्तीच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्याने होऊ शकेल : ‘बाई, यात तुमचा काही दोष नाही.’