औषधदान आणि वास्तू : जुन्या रुग्णालयांकडून घ्यावयाचे धडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने या सुवर्णमहोत्सवी वर्षात रुग्णालयाची वास्तू उभारण्याचा संकल्प सोडला आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदानाचे हे कार्य आहे. वास्तूच्या आराखड्याचे पहिले चित्र आपण सर्वांनी पाहिले. दर्शनी भाग निळ्या काचेचा, खिडक्या बंदिस्त आणि संपूर्ण इमारत वातानुकूलित. चित्र देखणे आहे, यात शंका नाही. तथापि, तो आराखडा कायम करण्यापूर्वी आपल्या वाडवडिलांच्या काळातील रुग्णालये कशी बांधली गेली आणि ती कशी टिकली, याचा विचार व्हावा, एवढ्याच हेतूने मी आज उभा आहे. मी वास्तुविशारद नाही. कापडाचा व्यापारी आहे आणि शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. म्हणून माझे बोलणे कापडाच्या आणि जमाखर्चाच्या भाषेत होईल, ते आपण गोड मानून घ्यावे.

जुनी मोठी रुग्णालये प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्या आणि राजांच्या दानातून उभी राहिली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्याच्या देणगीतून सुरू झाले. पुण्याचे ससून १८६७ साली बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या, डेव्हिड ससून यांच्या दानातून उभे राहिले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या निजाम राजवटीत होता, तिने हैदराबादेत मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालय बांधले. ते १९२५ साली पूर्ण झाले. त्याचे वास्तुविशारद व्हिन्सेंट एश. नांदेडहून जाताना आपण ज्या काचीगुडा स्थानकावर उतरतो, ते स्थानकही त्यांचेच काम मानले जाते.

त्या काळात वीज नुकतीच येत होती आणि वातानुकूलन नव्हते. त्यामुळे हवा, उजेड आणि गारवा ही तिन्ही कामे इमारतीलाच करावी लागत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील अनुभवावरून १८५९ साली रुग्णालयांवर ग्रंथ लिहिला. लांब दालन, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या आणि खिडक्यांच्या मधोमध खाटा, अशी रचना तेव्हापासून जगभर रूढ झाली. आपल्याकडे तिला उन्हापासून भिंतीचे रक्षण करणारा व्हरांडा जोडला गेला. उंच छतामुळे गरम हवा वर जाते आणि झरोक्यावाटे बाहेर पडते. दगड-विटांची जाड भिंत दिवसभराची उष्णता सावकाश शोषते, त्यामुळे ती लगेच आत पोहोचत नाही. रात्री खिडक्या उघडल्या की भिंत पुन्हा निवते.

आपल्या धर्माने पृथ्वीकायिक, जलकायिक, अग्निकायिक, वायुकायिक आणि वनस्पतिकायिक असे पाच स्थावर जीव सांगितले आहेत. या पाचांची कमीत कमी हिंसा करणारी इमारत कोणती, या कसोटीवर हा विषय पाहू.

प्रथम वायू. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांच्या खोल्यांतील हवा मोजण्यात आली आणि तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या खिडक्या व उंच छते असलेल्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत खिडक्या-दारे उघडी ठेवल्यावर तासाला सरासरी ४० वेळा हवा बदलत होती. नव्या इमारतींत ती १७ वेळा बदलत होती, तर यंत्राने हवा सोडलेल्या खोल्यांत १२ वेळा. क्षयरोगासारखा हवेतून पसरणारा आजार जिथे घरोघर ठाऊक आहे, तिथे हा आकडा फार महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली रुग्णालयांतील नैसर्गिक वायुवीजनाविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. कोरोनाच्या साथीत हाच धडा आपण जबर किंमत देऊन पुन्हा शिकलो.

दुसरा अग्नी, म्हणजे आजच्या भाषेत वीज. वैशाखात गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा सुती कापड मागते, कारण ते घाम टिपते आणि हवा खेळू देते. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात इमारतीला काचेचे आवरण घालणे म्हणजे भर मे महिन्यात अंगात टेरिलीनचा बंद गळ्याचा कोट घालून वर पंखा लावणे होय. काचेतून ऊन आत येते, उष्णता आत कोंडते आणि ती बाहेर काढण्यासाठी आपण वीज जाळतो. जमाखर्चाच्या दृष्टीने सांगायचे तर इमारतीसाठी देणगी एकदा मिळते, वीजबिल मात्र दर महिन्याला येते. ते बिल अखेर गरीब रुग्णाच्या केसपेपरवरच चढते.

तिसरे जल. लातूरकरांना पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, हे ध्यानात घेतले तर पाण्याविना रुग्णालय चालणार कसे? पाच हजार चौरस फूट छतावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ऐंशी टक्के पाणी साठवले, तर सुमारे २ लाख ६० हजार लिटर होते. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने छतावरचे पाणी गटारात सोडणे शोभत नाही.

चौथी वनस्पती. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. चौकात लावलेला कडुनिंब हाही उपचाराचाच भाग आहे.

पाचवी पृथ्वी. जगाच्या एकूण कर्बवायूत एकट्या सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के आहे, म्हणून ते जपून वापरावे. पण येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. जुने ते सर्व सोने, असे मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या सभागृहातील कोणी विसरलेले नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत अधिकृत नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने तेव्हा सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. त्या रात्री माणसे दबली ती मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींखाली आणि माळवदावरील मातीच्या ओझ्याखाली. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते. म्हणून जुन्यातून घ्यायची ती हवा, सावली आणि उंची. सांगाडा मात्र आजच्या भूकंपरोधक नियमांनुसारच असला पाहिजे. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. त्यामुळे पायाच्या खर्चात काटकसर करू नये.

काही बंधूंच्या मनात शंका असतील. दुपारच्या झळा, धूळ आणि डास यांचे काय? झळांच्या वेळी खिडक्या बंद ठेवून रात्री उघडणे, खिडकीला जाळी बसवणे, वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडणे, हे उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि प्रयोगशाळा यांना वातानुकूलन आवश्यकच आहे, तेथे हात आखडू नये. परंतु बाह्यरुग्ण विभाग, सर्वसाधारण दालने, प्रतीक्षागृह आणि नातेवाइकांची निवासव्यवस्था यांना त्याची गरज नाही.

अखेरचा धडा पुन्हा उस्मानियाचा. जुलै २०२० मध्ये पावसाचे आणि गटाराचे पाणी त्या भव्य वास्तूच्या तळमजल्यावरील दालनांत शिरले. रुग्ण हलवावे लागले आणि जुनी इमारत रिकामी झाली. २०१५ साली ती पाडण्याची घोषणा झाली होती आणि वारसाप्रेमी नागरिक तिच्या रक्षणासाठी न्यायालयात गेले होते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. इतके सुंदर बांधकामसुद्धा निगा नसेल तर रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. वास्तू उभारणे हे दान आहे, तर वास्तू राखणे हे व्रत आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र विनंती पुढीलप्रमाणे आहे. एक, काचेचा दर्शनी भाग रद्द करून पश्चिमेस व दक्षिणेस खोल व्हरांडे द्यावेत. दोन, प्रत्येक दालनास समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आणि छताजवळ झरोके असावेत. तीन, छतावरील पाण्याची टाकी पायाच्या कामाबरोबरच बांधावी. चार, मध्ये मोकळा चौक सोडून तेथे झाडे लावावीत. पाच, जमणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील दहा रुपये केवळ देखभालीच्या कायम निधीत ठेवावेत आणि त्या निधीस इतर कामासाठी हात लावू नये.

देणगीदारांच्या नावाचा फलक दाराशी लागेल आणि तो लागावाही. परंतु पन्नास वर्षांनी, या ट्रस्टच्या शताब्दी वर्षात, एखादा शेतमजूर मे महिन्याच्या दुपारी त्या दालनात खाटेवर पडला असताना वीज जाईल आणि तरीही त्याला मोकळा श्वास घेता येईल, तेव्हा आपले औषधदान खऱ्या अर्थाने फळास आले असे म्हणता येईल. आराखडा अद्याप कागदावर आहे आणि रेघ बदलण्यास आज एक पैसाही लागत नाही. भिंत उभी राहिल्यावर तीच रेघ लाखो रुपयांची होते. निर्णयाची वेळ आताच आहे.