कळ परतली, तरी औषध देहातच

(डोळखांब येथे ग्रामस्थ व आशाताई यांच्यासमोर तालुक्यातील एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आवणी नुकतीच उरकली आहे. चिखलात दिवसदिवस वाकून राबलेल्या कमरा अजून सरळ झालेल्या नाहीत. दिवाळीनंतर आपल्यातली कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर जातील. अंगदुखी ही आपल्या भागाची कायमची सोबतीण आहे, आणि तिच्या पाठोपाठ घरात येते ती गोळी. आज मी त्या गोळीविषयी बोलणार आहे. तेही सगळ्या नव्हे, एकाच जातीच्या गोळीविषयी.

प्रथम भेद समजून घेऊ. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक ही साधी वेदनाशामके होत. त्यांचेही दुष्परिणाम आहेत. परंतु तो आजचा विषय नाही. मॉर्फिन आणि कोडीन ही अफूपासून मिळतात. ट्रॅमाडॉल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन ही त्याच मार्गाने काम करणारी, प्रयोगशाळेत घडवलेली भावंडे. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या अपघातात, कर्करोगात डॉक्टर ती लिहून देतात. अफू आपल्या वैद्यकाला अपरिचित नव्हती. शार्ङ्गधरसंहितेत ‘अहिफेन’ या नावाने तिचा उल्लेख येतो. तिच्यातील मुख्य सत्त्व, म्हणजे मॉर्फिन, 19व्या शतकाच्या आरंभी सेर्टुर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने वेगळे केले. गुण आणि धोका दोन्ही तेव्हापासून माणसाला ठाऊक आहेत. एक गोष्ट मात्र घरोघरी अजून पोहोचलेली नाही: वेदना शमण्याचा काळ वेगळा आणि औषध देहात राहण्याचा काळ वेगळा.

कणगीतल्या भाताचे उदाहरण घ्या. कणगीत 16 पायली भात आहे आणि दर खेपेस आपण उरलेल्याच्या निम्मा काढतो. 16चे 8, 8चे 4, मग 2, मग 1. पाचव्या खेपेनंतरही तळाशी अर्धी पायली उरतेच. देह औषध बाहेर टाकतो ते साधारण याच रीतीने. रक्तातील औषध निम्मे होण्यास जो वेळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात, आणि असे पाच काळ लोटले की औषध जवळजवळ संपले असे आम्ही धरतो. मॉर्फिनचा अर्धायुकाल निरोगी माणसात 2 ते 3 तास, म्हणजे 10 ते 15 तासांत हिशेब पुरा. ट्रॅमाडॉलचा सुमारे 6 तास, म्हणजे सव्वा दिवस. मेथाडोनचा तर माणसागणिक 8 तासांपासून 59 तासांपर्यंत. परंतु साध्या मॉर्फिनच्या गोळीने कळ थांबते ती सुमारे 4 तास. चार तासांनी कळ परतते तेव्हा कणगी रिकामी झालेली नसते. त्यात आपण दुसरी गोळी टाकली की पहिलीच्या उरलेल्या भागावर दुसरीची भर पडते. डॉक्टर या भरीचा हिशेब करूनच वेळा ठरवतात. घरी आपण मनाने गोळी वाढवतो तेव्हा तो हिशेब मोडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आईला कर्करोग होता. वय 76, मूत्रपिंडे थकलेली. तिच्या डॉक्टरांनी मॉर्फिनची लहान मात्रा लांब अंतराने लिहून दिली होती आणि ‘कळ वाढली तर मला कळवा’ असे बजावले होते. एका रात्री ती कण्हू लागली. मला ते पाहवेना. मध्यरात्री एक गोळी जादा दिली, पहाटे आणखी एक. ती शांत झोपली, मलाही बरे वाटले. सकाळी हाक मारली तर उठेना. घड्याळ लावून श्वास मोजले: मिनिटाला 6. रुग्णालयात नॅलॉक्सोनचे इंजेक्शन दिले तेव्हा तिने डोळे उघडले. आम्ही देवाचे आभार मानतो आहोत तोच तासाभरात ती पुन्हा गुंगीत गेली. कारण नॅलॉक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, आणि मॉर्फिनचे घटक तिच्या थकलेल्या मूत्रपिंडांतून बाहेरच पडत नव्हते. पूर्ण एक दिवस तिला उताऱ्यावर ठेवावे लागले. डॉक्टर असून मी ही चूक केली. कळ परतली म्हणजे औषध संपले, असे मी त्या रात्री मानले.

म्हणून ‘किती तास राहते?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. यकृत औषधाचे रूपांतर करते, मूत्रपिंड ते बाहेर टाकते. यांपैकी एकही थकले, की तासांचे दिवस होतात. वृद्धांत असे होते, तान्ह्या बाळांतही होते. जुन्या मुंबईत गिरणीत कामावर जाणाऱ्या बाया बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. गरिबीने करविलेली ती गोष्ट होती. पण ज्या बाळाचे यकृत अजून पिकलेले नाही, त्याच्या देहात ती अफू मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक वेळ रेंगाळे. आजही तोच नियम लागू आहे. कोडीनचे देहात मॉर्फिन होते, आणि काहींच्या देहात ते फार झपाट्याने होते. म्हणून 12 वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने कोडीन वा ट्रॅमाडॉल घेऊ नये, असा आज वैद्यकाचा इशारा आहे. घरातली जुनी खोकल्याची बाटली बाळाला पाजण्याआधी हे आठवा.

चिकटपट्टीचे प्रकरण याहून फसवे आहे. फेंटानिलची पट्टी साधारण 72 तास अंगावर ठेवतात. ती काढली की औषध थांबले असे वाटते. पण कातडीखाली साठा झालेला असतो, आणि रक्तातील मात्रा निम्मी व्हायलाच जवळजवळ एक दिवस लागतो. पट्टीवर शेक देऊ नये, कारण उष्णतेने औषध अधिक वेगाने आत शिरते. काढलेल्या पट्टीतही औषध उरते. ती दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

महामार्गावर गाडी चालवणारे तरुण विचारतात, तपासणीत किती दिवस सापडते? मॉर्फिन व कोडीन लघवीत साधारण 2 ते 3 दिवस, केसांत सुमारे 90 दिवस. लघवीत सापडणे म्हणजे त्या क्षणी गुंगी असणे नव्हे. उलट तपासणी काय सांगेल यापेक्षा डोळे जड आहेत का, हे अधिक महत्त्वाचे. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर चाकावर बसू नये. आणि गोळीवर मोहाची दारू तर कधीच नको. दोन्ही मिळून श्वासच मंदावतो.

आता दुसरी बाजू. या भयाने कोणी कर्करोगाच्या रुग्णाची गोळी बंद करू नये. 1985च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुर्घट झाले होते. 2014च्या दुरुस्तीने ते अत्यावश्यक औषधांत गणले गेले आणि परवान्यांची पद्धत सोपी झाली. ट्रॅमाडॉलवरही 2018पासून त्याच कायद्याचे नियंत्रण आहे, म्हणून चिठ्ठीवाचून ते मागू नये. पण चिठ्ठीने दिलेले, वेळेवर घेतलेले मॉर्फिन हे व्यसन नव्हे. अनेक आठवडे घेतलेले औषध एकाएकी तोडले तर घाम, जुलाब, तळमळ होते. ते डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचे असते. माझ्या आईच्या बाबतीत नातलग म्हणाले, ‘आता ते विष नकोच.’ तिच्या डॉक्टरांनी औषध बदलले, मात्रा नव्याने बसवली. पुढचे चार महिने ती नातवंडांशी बोलत, अंगणात बसून जगली.

आशाताईंनो, आपल्या वहीत एवढे लिहून घ्या. औषधाची वेळ कागदावर मांडा. कळ आधी परतली तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांना कळवा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. हाक मारून रुग्ण उठत नसेल, श्वास मिनिटाला 10हून कमी असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि 108ला फोन लावा. येथून शहापूरचा रस्ता लांबचा आहे. उजाडण्याची वाट पाहू नका. मी पाहिली होती.